शस्त्राशी नातं कसं जुळतं? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या खेळाडूंसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रांची गोष्ट खेळायच्या खेळात नव्या खेळाडूला पहिली जादूची तलवार मिळाली की टेबलावर हमखास एक प्रसंग घडतो. तो तलवार कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, लिहून घेतो, पुढच्याच लढाईत जादाचे फासे मोजून हातात धरतो, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, विचारतो, "अट्यून केलीस का?" खेळाडू गोंधळतो. तलवार हातात आहे, म्यानातून बाहेर आहे, मग आणखी काय करायचं राहिलं?

या खेळात बऱ्याच जादूच्या वस्तू नुसत्या हातात घेऊन चालत नाहीत, त्यांच्याशी बंध जोडावा लागतो. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत या बंधाला अट्यूनमेंट म्हणतात, आणि 2024 च्या सुधारित पुस्तकांतही त्याचा गाभा तोच राहिला आहे. शस्त्रालाही काही म्हणणं असतं ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला, तेव्हाच त्यातल्या जादूच्या तलवारींना स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा अहंकार होता.

आजचे नियम या नात्याची किंमत दोन गोष्टींत मागतात: एक तास आणि तीनपैकी एक जागा. अनेक टेबलांवर हा निव्वळ हिशेब म्हणून उरकला जातो. "रात्री अट्यून केली" असं म्हणून पुढे जातात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पात्र तलवारीसाठी काय सोडतं, कुठला वेळ देतं, कोणती दुसरी वस्तू बाजूला ठेवतं, यातच त्या दोघांचं नातं दिसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत नियम तर सांगतोच, पण प्रत्येक नियम टेबलावर खेळायचा कसा हेही सांगतो.

पायरी 1: आधी वस्तू समजून घ्या

सापडलेली वस्तू नेमकी काय करते हे कळायला दोन सोपे मार्ग आहेत. पार्टीतल्या, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या पात्रांच्या टोळीतल्या, कुणाकडे आयडेंटिफाय हा मंत्र असेल तर तो वापरा. नसेल तर शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे किमान तासाभराच्या विश्रांतीत, ती वस्तू जवळ घेऊन बसा आणि तिच्यावरच लक्ष द्या. विश्रांती संपता संपता तिचे गुण कळतात.

मग वर्णनाची पहिली ओळ वाचा. अट्यूनमेंट लागते की नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. साध्या प्लस वन, म्हणजे फाशांच्या आकड्यात एकाची भर घालणाऱ्या, तलवारीला ती लागत नाही. बॅग ऑफ होल्डिंगला लागत नाही. फ्लेम टंग या पेटत्या तलवारीला लागते. बूट्स ऑफ एल्व्हनकाइंडला लागत नाही, पण त्याच घराण्यातल्या क्लोक ऑफ एल्व्हनकाइंडला लागते. तेव्हा अंदाजावर जाऊ नका, वाचूनच ठरवा.

काही वस्तू माणूस बघून घेतात. होली अव्हेंजर ही तलवार फक्त पॅलाडिनशीच, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याशीच, बंध जोडते. ड्वार्वन थ्रोअर हा हातोडा 2014 च्या नियमांत फक्त ड्वार्फ या बुटक्या वंशाच्या पात्राशी. अट पूर्ण होत नसेल किंवा बंध जोडलाच नसेल, तर वस्तूची जादू गप्प राहते. बाकीचा उपयोग मात्र होतो: जादूची ढाल तेवढ्यापुरती साधी ढाल म्हणून वार अडवतेच.

पायरी 2: तासभर बसा, आणि तो तास खरोखर खेळा

बंध जोडायला आणखी एक शॉर्ट रेस्ट लागते. वस्तू ओळखण्यात घालवलेली विश्रांती इथे धरत नाहीत, त्यामुळे हे दोन वेगळे तास झाले. या दुसऱ्या तासात वस्तूचा स्पर्श सुटू द्यायचा नाही आणि लक्ष दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. शस्त्र असेल तर सराव, अंगठी किंवा झगा असेल तर ध्यान, अशी उदाहरणं नियमांतच दिली आहेत. मध्येच गॉब्लिनांनी हल्ला केला आणि विश्रांती मोडली, तर बंधही जुळत नाही, पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. तास नीट पार पडला की पात्राला ती वस्तू कशी चालवायची हे आतूनच उमगतं. एखादा आज्ञाशब्द असेल तर तोही कळतो.

नियम एवढाच आहे, आणि सगळी मजा याच तासात दडलेली आहे. डीएम विचारेल, "तासभर काय करतोस?" यावर "सराव करतो" एवढंच उत्तर दिलंत तर तास फुकट गेला समजा. सराव कसला? हात कुठे अडला? काय जमलं? एखादा तपशील पुरतो, पण तो नेमका हवा.

एक नमुना देतो. इला नावाची मानवी फायटर, म्हणजे लढवय्यी, आहे. थडग्यात तिला फ्लेम टंग सापडली आहे. तिची खेळाडू सांगते, "ही माझ्या जुन्या तलवारीपेक्षा जड आहे. बाबांनी शिकवलेले वार मी ओळीने मारून बघते. चौथ्या वाराला मनगट वळतच नाही."

डीएम विचारतो, "मग?"

"मग मी तलवारीशी झगडत नाही. वारच बदलते. खालून वर घेण्याऐवजी खांद्यावरून उतरवते."

"बदललेला वार बसतो तेव्हा मुठीजवळ ऊब येते. पातं अजून काळंच आहे. पण एक शब्द तुझ्या ओठांवर येतो. कुठला?"

खेळाडू थोडी थांबते आणि म्हणते, "आजी सकाळी चुलीला फुंकर घालताना म्हणायची तोच. जाग गं बाई."

इथे काय काय झालं ते बघा. बाबांचा वार आला, आजीची चूल आली, आणि तलवारीसमोर इलाने एक पाऊल मागे घेतलं. आता प्रत्येक लढाईत बोनस ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली छोटी जादा कृती, खर्चून ती "जाग गं बाई" म्हणेल, पात्यावर ज्वाळा उठतील, चाळीस फुटांपर्यंत लख्ख उजेड पडेल आणि तलवार लागली की सहा बाजूंचे दोन फासे आगीच्या इजेसाठी जादा पडतील. नियमात काडीचाही बदल केलेला नाही. तरी चार-पाच सेशनांनंतर, म्हणजे खेळाच्या बैठकांनंतर, टेबलावरचे सगळेच तिच्याबरोबर तो शब्द म्हणायला लागतात, आणि तलवार इलाची होऊन जाते.

डीएमसाठी एक सूचना: आज्ञाशब्द खेळाडूलाच ठरवू द्या. तयार शब्द हातात दिलात तर तो लक्षातही राहत नाही.

पायरी 3: जागा तीनच आहेत

एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी बंध ठेवता येतो. चौथीचा प्रयत्न केला तर तो फसतो, आधीची एक सोडावीच लागते. एकाच प्रकारच्या दोन वस्तूंशीही बंध जोडता येत नाही, म्हणजे दोन्ही हातांत रिंग ऑफ प्रोटेक्शन घालून दुप्पट संरक्षण मिळत नाही. आर्टिफिसर हा जादूच्या वस्तू घडवणारा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, याला अपवाद आहे: दहाव्या लेव्हलला, म्हणजे प्रगतीच्या दहाव्या टप्प्याला, त्याला चार, चौदाव्याला पाच आणि अठराव्याला सहा वस्तू सांभाळता येतात.

सुरुवातीला तीन जागा भरपूर वाटतात. चार-सहा लेव्हल वर चढलात की खरी ओढाताण सुरू होते. इलाकडे आता फ्लेम टंग आहे, गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर आहेत, ज्यांमुळे ताकदीचा आकडा थेट 19 होतो, आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन आहे. अशात उडणारे विंग्ड बूट्स सापडले. काय सोडायचं?

इथे बहुतेक नवे खेळाडू आकडे मांडून बसतात. मांडा की, त्यात वाईट काहीच नाही. आकडे मांडून झाल्यावर मात्र आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: माझं पात्र कशाशिवाय ओळखू येणार नाही? ती वस्तू पहिल्या जागेवर कायम ठेवा आणि अदलाबदल उरलेल्या दोन जागांत करा. क्लोक ऑफ प्रोटेक्शन हा झगा अंगावरच्या संरक्षणात आणि सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशात, एकेकाची भर घालतो. फार कामाचा आहे, पण सेशनभर त्याची आठवण कुणाला येत नाही. माझ्या मते तोच आधी सोडावा. तीनही जागा अशा मूक वस्तूंनी भरलेलं पात्र मारायला कठीण असतं, पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

सोडलेली वस्तू पोत्यात कोंबून ठेवू नका. पार्टीत ज्याला ती उपयोगी पडेल त्याला द्या, आणि देण्याचा प्रसंग दोन वाक्यांत खेळा. इलाने तो झगा पार्टीतल्या छोट्या चोरट्याच्या (रोग क्लासच्या पात्राच्या) खांद्यावर टाकला, तर त्या दोघांमध्येही काहीतरी जुळतं.

पायरी 4: बंध कधी तुटतो ते पाठ करून ठेवा

स्वतःहून सोडायचा असेल, आणि वस्तू शापित नसेल, तर पुन्हा एक शॉर्ट रेस्ट त्या वस्तूवर खर्च करा. शिवाय तो आपोआप तुटतो: वस्तूची अट तुम्ही पूर्ण करेनासे झालात तर, वस्तू तुमच्यापासून शंभर फुटांहून दूर सलग 24 तास राहिली तर, दुसऱ्या कुणी तिच्याशी बंध जोडला तर, आणि तुमचं पात्र मेलं तर.

यातला मृत्यूचा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. लढाईत पात्र मरतं, क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा सोबती, मिनिटाच्या आत रिव्हिव्हिफाय हा जिवंत करणारा मंत्र टाकतो, पात्र उठून पुन्हा लढायला लागतं. त्याचे तीनही बंध मात्र गेलेले असतात. लढाई संपून शांतपणे बसेपर्यंत तलवार पेटणार नाही. मरून परत आलेल्या माणसाला त्याची तलवार ओळखत नाही, हा क्षण घाईत निसटू देऊ नका. पुन्हा बंध जोडायला तो बसेल तेव्हा तो तास पहिल्या वेळेपेक्षा वेगळा जाईल. तो कसा, हे खेळाडूने सांगावं.

चोरीचा नियम तर आयता पाठलाग आहे. तुमची तलवार चोराने पळवली. तुमच्या हातात एक दिवस आहे, तेवढ्यात गाठलंत तर बंध शाबूत. पण चोर कुठेतरी आडोशाला तासभर शांत बसला आणि त्यानेच तिच्याशी बंध जोडला, तर तुमचा तुटला. मग त्याला तो तास मिळू न देणं हेच पार्टीचं काम होऊन बसतं. मागावर राहा, मशाली पेटवा, कुत्री सोडा, त्याला कुठे टेकू देऊ नका. डीएमला वेगळं काही रचायची गरजच पडत नाही.

पायरी 5: काही क्लासना जास्तीचा बंध मिळतो

फायटरचा एल्ड्रिच नाइट हा उपप्रकार घेतलात, तर तिसऱ्या लेव्हलला तासाभराचा विधी करून शस्त्राशी वेगळाच बंध जोडता येतो. शस्त्र जादूचं नसलं तरी चालतं. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आणि हालचाल करण्याच्या स्थितीत असताना कुणी ते तुमच्या हातून पाडू शकत नाही, आणि ते त्याच प्रतलावर, म्हणजे त्याच जगात, कुठेही असलं तरी बोनस ॲक्शन वापरून हातात बोलावता येतं. अशी दोन शस्त्रं ठेवता येतात, एका वेळी बोलावता येतं एकच. राजाच्या दरबारात शस्त्रं बाहेर ठेवायला लावली तरी एल्ड्रिच नाइट खरं तर निःशस्त्र नसतो. पहारेकऱ्याच्या हाती तलवार सोपवताना त्याच्या चेहऱ्यावर काय असतं, ते जरूर सांगा.

वॉरलॉकचा पॅक्ट ऑफ द ब्लेड याहून गूढ. इथे शस्त्र मिळतं ते करारातून, वॉरलॉकला जादू देणाऱ्या अमानवी आश्रयदात्याकडून. 2014 च्या नियमांत तो रिकाम्या हातात शस्त्र प्रकट करतो, दर वेळी रूपही निवडतो. ते पाच फुटांपलीकडे मिनिटभर राहिलं तर नाहीसं होतं. सापडलेलं जादूचं शस्त्रही तासाभराच्या विधीने करारात घेता येतं, फक्त ते आर्टिफॅक्ट, म्हणजे अतिदुर्मीळ महाशक्तिमान वस्तू, किंवा स्वतःचं मन असलेलं नसावं. 2024 मध्ये हा पर्याय पहिल्या लेव्हलपासून घेता येतो आणि बंध बोनस ॲक्शनमध्ये जुळतो. सोय झाली खरी, पण तो विधीचा तास गेला याचं मला वाईट वाटतं. तुमच्या डीएमला विचारून पहिल्या वेळेपुरता तरी तो खेळा. शस्त्राच्या रूपात आश्रयदात्याची खूण ठेवा: समुद्रातल्या शक्तीशी करार असेल तर पातं कायम ओलं असेल, मुठीवर मीठ साचत असेल.

पायरी 6: शापित वस्तूला घाबरू नका, पण घाई करू नका

आयडेंटिफाय मंत्रालाही शाप सहसा दिसत नाही. बर्सर्कर ॲक्स घ्या. चांगली प्लस वन कुऱ्हाड, वर प्रत्येक लेव्हलमागे एक हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचा आकडा, जास्त. बंध जुळला की कळतं, ती तुम्हाला दुसरं शस्त्र मनापासून धरू देत नाही. शत्रूकडून मार बसला की विस्डमचा, म्हणजे शहाणपणाचा, सेव्हिंग थ्रो, लक्ष्य 15. चुकला तर तुम्ही बेभान होता आणि सगळ्यात जवळ जो दिसेल त्याच्यावर तुटून पडता, मग तो मित्र का असेना.

अशा वेळी रिमूव्ह कर्स हा मंत्र तुमचा बंध तोडतो. कुऱ्हाडीतला शाप तसाच राहतो, पण ती टाकून देता येते. माझा सल्ला असा की लगेच मंत्र शोधायला धावू नका. दोन-तीन सेशन त्या कुऱ्हाडीसोबत काढा. पात्राला ती नको आहे, तरीही हातातून सुटत नाही, आणि रात्री पहाऱ्यावर सोबती जरा लांबच झोपतात. एवढ्यावर किती खेळता येतं बघा. फक्त पार्टीतल्या सगळ्यांची तयारी आहे ना, हे आधी विचारा, कारण मार त्यांना बसणार आहे.

पायरी 7: शस्त्रालाच मन असेल तर

स्वतःचं मन असलेल्या वस्तूला बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाचे आकडे असतात, नीतीची दिशा असते आणि बहुधा एखादं ध्येयही. ती भावना पाठवून बोलते, मनातल्या मनात बोलते किंवा उघड आवाजात. तिचा आवाज डीएम काढतो.

तुम्ही तिच्या ध्येयाविरुद्ध वागलात तर 2014 च्या नियमांनुसार दोघांची करिझ्मा चेकची, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यावर टाकलेल्या फाशांची, झुंज होते. ती जिंकली तर मागणी करते: मला कायम जवळ ठेव, अमुक शत्रूच्या मागे लाग, ती दुसरी तलवार फेकून दे. ऐकलं नाहीत तर ती आपली जादू आवरून घेऊ शकते, किंवा तुमच्यावर ताबा मिळवायचा प्रयत्न करू शकते. 1979 च्या व्हाइट प्लूम माउंटन या साहसातली ब्लॅकरेझर ही आत्मे गिळणारी तलवार याचं गाजलेलं उदाहरण.

दुसऱ्या टोकाला आहे एल्फ लोकांची मूनब्लेड. तिच्याशी बंध जोडायचा तर एल्फ राजाच्या सिंहासनगृहात किंवा त्यांच्या देवांच्या मंदिरात विधी करावा लागतो, आणि निवड तलवार करते. भित्रा, लहरी किंवा भ्रष्ट माणूस तिला चालत नाही. नाकारलं तर 24 तास तुमचे चेक, हल्ले आणि सेव्हिंग थ्रो सगळे डिसॲडव्हांटेजने, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. स्वीकारलं तर पात्यावर नवं अक्षर उमटतं आणि मरेपर्यंत ती तुमची.

नव्या खेळाडूने पहिल्याच मोहिमेत अशी वस्तू मागू नये असं मला वाटतं. बोलणारी तलवार म्हणजे डीएमसाठी आणखी एक पात्र असतं आणि ते प्रत्येक प्रसंगात हजर असतं. टेबल मुरलं की मागा.

पायरी 8: साध्या शस्त्रालाही जागा द्या

पहिल्या लेव्हलला तुमच्याकडे जादूचं काहीच नसतं, तरी नातं तिथूनच सुरू होतं. 2014 च्या पुस्तकात पात्राच्या पार्श्वभूमीसोबत बाँड, म्हणजे पात्राची कुणाशी किंवा कशाशी असलेली ओढ, लिहायला जागा असते, आणि फोक हीरोच्या नमुन्यांत एक असा आहे की माझी अवजारं ही माझ्या जुन्या आयुष्याची खूण आहे, मुळं विसरू नयेत म्हणून मी ती जवळ बाळगतो. असं काहीतरी तुमच्या पात्रासाठी ठरवा. तलवार कुणाची होती? मुठीवरचं कातडं कुणी बांधलं? पात्यावरचा टवका कशाने गेला?

नाव द्या. आपल्याकडे तलवारीला नाव देण्याची आणि खंडेनवमीला शस्त्रं पुजण्याची रीत जुनी आहे. भवानी, तुळजा, जगदंबा ही नावं कुणाला सांगावी लागत नाहीत. तीच नावं उचलू नका, त्यांचा भार वेगळा आहे. पण ही नावं देवीची आहेत हे लक्षात घ्या, आणि तुमचं पात्र कुणाला मानतं ते बघून नाव शोधा. पात्र जमिनीखालच्या शहरातली लोहारीण असेल तर ती भट्टीच्या देवतेचं नाव देईल, किंवा ज्या खाणीतलं लोखंड त्या खाणीचं.

आणि प्लस टू तलवार सापडली म्हणून वडिलांची जुनी तलवार विकू नका. डीएमशी बोला. तीच तलवार वाढू द्या: एखाद्या मोठ्या प्रसंगानंतर प्लस वन, पुढे प्लस टू. दुर्मिळतेच्या क्रमात प्लस वन शस्त्र अनकॉमन, प्लस टू रेअर आणि प्लस थ्री व्हेरी रेअर गटात मोडतं, तेव्हा वाढ कुठल्या टप्प्याला द्यायची याचा अंदाज त्यावरून येतो. 2020 च्या एक्सप्लोरर्स गाइड टू वाइल्डमाउंट या पुस्तकात तर अशा वस्तूंच्या निद्रिस्त, जागृत आणि उदात्त अशा तीन अवस्थाच दिल्या आहेत. पात्राने काहीतरी मोठं केलं की वस्तू पुढच्या अवस्थेत जाते. तो साचा घेऊन घरची तलवार त्यात बसवायला फार कष्ट पडत नाहीत.

मोहीम सुरू होण्याआधी डीएमला एवढं विचारून घ्या: आपण 2014 चे नियम वापरतोय की 2024 चे? अट्यूनमेंटचा तास टेबलावर खेळणार का? माझं सुरुवातीचं शस्त्र वाढू शकेल का? शापित वस्तू येणार असतील तर सगळ्यांची हरकत विचारली का? पुस्तकं विकत घेतलेली नसतील तरी अडत नाही. मूलभूत नियमांचा संच, ज्याला एसआरडी 5.1 म्हणतात, तो जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. अट्यूनमेंटचे नियम, फ्लेम टंग, बर्सर्कर ॲक्स आणि पॅक्ट ऑफ द ब्लेड हे सगळं त्यात फुकट वाचायला मिळतं. एल्ड्रिच नाइट, ब्लॅकरेझर आणि मूनब्लेडसाठी मात्र मूळ पुस्तकंच लागतील.